रफीकभाईंचा बिल्ला

गाईडच्या धंद्यात कमाई ठरलेली नसते, सुट्टी ठरलेली नसते, पण किस्से मात्र रोज हजर! पर्यटक येतात, जातात, आणि जाताना आमच्या पदरात एखादा टाकून जातात. आम्ही तिघं सकाळी शहागंजच्या टपरीवर चहाला जमतो, तेव्हा पहिला कप त्यातच संपतो. मी उस्मानपुऱ्याची, शाळेतली इतिहास शिकवायची नोकरी सोडून यात पडलेली. दत्ता बिडकीनचा, घरची शेती सांभाळून गाईडगिरी करणारा. आणि रफीकभाई आमचे सीनियर. तीस वर्षं वेरूळ, दौलताबाद आणि जुन्या शहराचे दरवाजे दाखवण्यात गेलेली.

पण गेल्या हिवाळ्यात चहा काही गोड लागेना. नवा नियम आला होता. सगळ्या गाईडांनी तोंडी परीक्षा द्यायची, नापास झाला की बिल्ला परत! दत्ताला शेती होती, मला निदान शिकवण्या तरी घेता आल्या असत्या. रफीकभाईंना मात्र दुसरं काहीच येत नव्हतं. वयाच्या साठीत माणूस नवं काय शिकणार? माझा जीव त्यांच्यासाठीच टांगणीला लागला होता.

*

म्हणून रोज दुपारी ते माझ्या घरी अभ्यासाला येऊ लागले. गोष्टी सगळ्या तोंडपाठ, सनावळीच्या नावानं मात्र बोंब.

"मेरेकू तारीख लक्षातच नाय राहत, ताई."

"आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारली तर?"

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "सांगतो की, साहब, लई गर्मीचे दिवस होते!"

मी हसले खरी, पण सनावळी पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावली.

*

दत्ताची धास्ती वेगळी. एकदा त्यानं एका शांत आजोबांना कैलास लेणं दाखवलं. डोंगर वरून खाली कसा कोरत आणला, कारागीर कुठं दमले, कुठं भांडले, सगळं ठोकून दिलं. आजोबा नुसती मान डोलवत होते. शेवटी दत्तानं सहज विचारलं, "आजोबा, तुम्ही काय करता?"

"आता रिटायर झालोय. या लेण्यावर एक पुस्तक लिहिलंय."

दत्ता ओरडलाच, "मग मधी बोलला का नाय तुम्ही?"

"अहो, तुम्ही इतक्या खात्रीनं सांगत होता, की मलाच शंका यायला लागली!"

तेव्हापासून दत्ता टूर सुरू करायच्या आधीच प्रत्येकाचा धंदा विचारून घेतो. मध्यंतरी एक बाई म्हणाल्या, "मी पोलिसात आहे." त्या दिवशी बिचारा फक्त खरं तेवढंच बोलला. वीस मिनिटांत टूर संपली!

*

आपल्या शहरात एक गंमत आहे. ज्याच्या घरात खड्डा निघेल, त्याचं भुयार थेट दौलताबादच्या किल्ल्यात जातं! दुकानदार सांगतो, रिक्षावाला सांगतो, आणि मग पर्यटक आमच्या मागं लागतात की भुयार दाखवा.

एकदा पुण्याचे एक इंजिनियर दत्ताला अडवून म्हणाले, "हे शक्यच नाही. एवढी भुयारं असती तर वरचं शहर खचलं असतं."

दत्ता म्हणाला, "व्हय साहेब. आमचे रस्ते बघितले नाय का तुम्ही?"

*

दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी नावाची वाट आहे. काळाकुट्ट वळणावळणाचा बोगदा, शत्रू आत शिरला की वाट चुकून मरावा यासाठी केलेला. रफीकभाई तिथं माणसं मोजून आत नेतात आणि मोजून बाहेर काढतात, कारण एखादा आत राहिला तर काय, ही भीती त्यांना तीस वर्षांत सोडून गेलेली नाही.

एकदा त्यांनी एकोणीस माणसं आत नेली. बाहेर मोजली तर वीस!

एक कमी झाला असता तर शोधता आला असता, जास्तीच्या माणसाचं काय करायचं? पुन्हा मोजली, वीसच. कुणाकडे नीट बघायचीही त्यांची छाती होईना. मनातल्या मनात दुवा म्हणत उभे राहिले. शेवटी मागून एक गृहस्थ म्हणाले, "मी दुसऱ्या ग्रुपचा आहे. तुमची गोष्ट चांगली चालली होती, म्हणून तुमच्याबरोबरच आलो."

रफीकभाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी मात्र अजून आतच होते, बॅटरी घेऊन, रडकुंडीला येऊन. तो माणूस माझ्या ग्रुपचा होता!

*

त्याच किल्ल्यावर मी एकदा दिल्लीच्या सुलतानानं राजधानी इथं कशी हलवली ते सांगत होते. हुकूम सुटला, माणसं बोचकी बांधून निघाली, वाटेत किती हाल झाले, वगैरे. लोक सेल्फी काढत होते. एकच गृहस्थ अगदी जवळ येऊन, जीव मुठीत धरून ऐकत होते.

"मॅडम, मग परत पाठवलं का त्यांना?"

"हो, काही वर्षांनी हुकूम फिरला."

"काही वर्षांनी?" त्यांचा चेहरा उतरला. ते सरकारी नोकरीत, आठवड्यापूर्वीच विदर्भातून इथं बदली झालेली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तोपर्यंत पोरांच्या शाळेचं काय केलं असेल हो त्या लोकांनी?"

पंधरा वर्षं मी हा इतिहास सांगतेय. त्या दिवशी पहिल्यांदा गोष्ट अर्धवट टाकून माझ्या जुन्या शाळेचा पत्ता लिहून दिला.

*

आणि मग तो परीक्षेचा दिवस. दत्ता आणि मी सकाळीच सुटलो होतो. "रफीकभाई, मसाला लावायचा नाही, फक्त खरं सांगायचं," हे मी आणि दत्तानं महिनाभर त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. बाहेरच्या बाकावर बसून ते शर्टावर बिल्ला लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. त्यांचं नाव पुकारलं. दार अर्धवट उघडं राहिलं, त्यामुळे मला आतलं सगळं ऐकू येत होतं.

साहेबांपुढं शहराची माहितीपुस्तिका होती. लिहिलेली त्यांनीच. ती उघडून म्हणाले, "सोपं विचारतो. हा एक खिळा नसलेला दरवाजा. याची कथा सांगा."

त्या कथेचा जन्म मी डोळ्यांनी बघितला होता! काही वर्षांपूर्वी जुन्या शहरातल्या एका दरवाजापाशी एका बाईंनी रफीकभाईंना विचारलं होतं, या लोखंडी खिळ्यांच्या रांगेत एकच जागा रिकामी का? खिळा आदल्याच पावसाळ्यात गंजून पडला होता. पण रफीकभाई रंगात आलेले. म्हणाले, शेवटचा खिळा ठोकणार तोच लोहाराला निरोप आला, बायको बाळंत झाली. तो हातोडा टाकून घरी पळाला. सुभेदार म्हणाला, राहू द्या जागा रिकामी, आधी घर, मग दरवाजा! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं ती गोष्ट इतकी पसरली, की नवी जोडपी त्या भोकात बोट घालून फोटो काढायला लागली.

आत रफीकभाई घसा खाकरून म्हणाले, "साहब, खरं सांगतो. ही गोष्ट झूट हाय. मीच बनवली."

"तुम्ही?" साहेबांचा आवाज चढला. "अहो, पुस्तकात छापलीय ही! खोटी आहे याला पुरावा काय तुमच्याकडे?"

"पुरावा..." रफीकभाई गडबडले. "बाहेर ताई बसल्यात. त्या होत्या तिथं."

मला आत बोलावलं. साहेबांच्या हातातलं पेन रफीकभाईंच्या नावासमोर टेकलेलं. गोष्ट बनवलेली आहे म्हणावं तर साहेबांचं पुस्तक खोटं, आणि कुठला साहेब ते सोसेल? नाही म्हणावं तर रफीकभाई खोटे.

"बोला मॅडम. तुम्ही ही गोष्ट कुणाकडून ऐकलीत?"

"माझ्या आजोबांकडून," मी म्हणाले. "लहानपणी. जुनीच गोष्ट आहे, साहेब. रफीकभाई परीक्षेला घाबरलेत, म्हणून काहीतरी बोलून गेले."

साहेबांचा चेहरा खुलला. "बघा! याला म्हणतात लोकपरंपरा. एवढं घाबरायचं कशाला, चाचा?" आणि त्यांनी नावासमोर "पास" लिहिलं.

जिना उतरून खाली आल्यावर रफीकभाई बिल्ला मुठीत धरून उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"ताई," त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या आजोबांना ही गोष्ट कोणी सांगितली होती?"