माझ्या माहितीप्रमाणे

सदाशिव पेठेतल्या आमच्या बागेत एक गृहस्थ रोज सकाळी बाकावर रुमाल टाकून शेजारची जागा धरून ठेवतात. बोलताना आधी "माझ्या माहितीप्रमाणे" म्हणतात आणि मग ठामपणे काहीतरी चुकीचं सांगतात.

आई गेल्यावर बाबांनी बाहेर पडणंच काय, बोलणंही सोडलं होतं. बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. एकदा हे गृहस्थ घरी आले आणि चहा पिता पिता मला म्हणाले, "माझ्या माहितीप्रमाणे पेशव्यांच्या काळात शनिवारवाड्याला खडकवासला धरणातून पाणी यायचं."

"कात्रजहून," भिंतीकडे बघत बसलेले बाबा म्हणाले.

"मला नाही पटत. उद्या बागेत येऊन पटवून द्या."

दुसऱ्या दिवशी बाबा बागेत गेले. तेव्हापासून रोज जातात आणि घसा बसेपर्यंत वाद घालून येतात.

परवा मी जरा लवकर बागेत गेलो, तर हेच गृहस्थ कुणा पाहुण्याला कात्रजहून पाणी कसं आणलं ते अगदी बिनचूक समजावत होते. मला बघून म्हणाले, "घरी सांगायची गरज नाही."

घरी आलो तेव्हा बाबा घाईघाईने चपला घालत होते.

"त्या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही," ते खुशीत म्हणाले. "रोज जावं लागतं."