इंजिनाला आहेर

मेकॅनिकल शाखा बंद होणार, हे मला आमच्या कॉलेजच्या शिपायानं सांगितलं. चहाच्या टपरीवर, बशीत चहा ओतता ओतता. ज्या शाखेत शिकवण्यात उभी हयात गेली, तिची बातमी अशी फुंकर मारत मिळावी, याचा मला इतका संताप आला की चहा तसाच टाकून मी प्राचार्यांच्या खोलीत शिरलो.

प्राचार्य भला माणूस. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"बोटावर मोजण्याइतकी पोरं येतायत तुमच्याकडं," ते म्हणाले. "संस्था म्हणते, त्या जागा कंप्युटरला द्या. मी काय सांगू त्यांना?"

"आमची रेसिंग कार होतेय की," मी म्हणालो.

बोलून गेलो खरा, पण त्या वेळी आमची रेसिंग कार म्हणजे वर्कशॉपच्या कोपऱ्यातला नळ्यांचा एक सांगाडा आणि अपघातात मोडलेल्या मोटरसायकलीचं काढून आणलेलं इंजिन. देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं अशा एका माणसापुरत्या छोट्या गाड्या बांधतात आणि दर हिवाळ्यात एका ट्रॅकवर जमतात. तिथली शेवटची शर्यत लांब पल्ल्याची. वेगाचं फार कौतुक नसतं तिच्यात. गाडी न थांबता शेवटपर्यंत पोचली पाहिजे, एवढंच. आमचं कॉलेज तिथवर कधी पोचलंच नव्हतं.

प्राचार्यांनी विचार केला. "ती शर्यत पूर्ण करून या. पेपरात फोटो येईल, पालकांना दाखवता येईल. मग मी संस्थेपुढं तोंड उघडतो. नाहीतर सर, माझ्याकडं बोलायला काही नाही."

मी पोरांना हे सांगितलं. सांगायला नको होतं, असं बायको म्हणाली. पण शाखा त्यांचीही होती.

कामं वाटताना मी फळ्यावर तीन शब्द शेजारी शेजारी लिहिले: इंधन, पाणी, तेल. रस्त्यावरच्या गाडीत ही तिन्ही असतात आणि शर्यतीच्या गाडीतही असतात. फरक एवढाच की रस्त्यावरची गाडी तुमच्या चुका पोटात घालते, शर्यतीची घालत नाही.

इंधनाकडं सगळ्यांची धाव. तिथं लॅपटॉप असतो, आलेख असतात, मित्रांना दाखवण्यासारखं काहीतरी असतं. शर्यतीच्या नियमानं इंजिनाची हवेची वाट मुद्दाम अरुंद करतात, नाकाला चिमटा लावून पळायला सांगावं तशी. तेवढ्या हवेत पेट्रोल किती आणि नेमकं केव्हा फवारायचं, ते ठरवायचं. जास्त गेलं तर ताकद मार खाते, पण इंजिन जरा थंड राहतं. कमी गेलं तर ते भलतंच तापतं. म्हणजे पेट्रोलवाल्यानं पाणीवाल्याशी भांडून चालत नाही. आमचे दोघं अर्थातच भांडायचे.

पाण्याला दुसरी पसंती. सोलापूरच्या एप्रिलमध्ये वाढलेल्या पोरांना थंड ठेवणं म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. त्यांनी दाराएवढा रेडिएटर काढला कागदावर. मी म्हणालो, अरे, हा वारा अडवेल आणि वजनानं गाडी बसेल. शेवटी मधला मार्ग निघाला. त्यात साधं पाणीच घालायचं असा नियम, आणि आमच्या बोअरच्या पाण्यानं तर चहाचं पातेलंसुद्धा पांढरं पडतं. म्हणून बॅटरीच्या पाण्याचे कॅन आणले.

तेल कुणी घेईना. तेल काळं, चिकट, कुठं दिसत नाही. वर्गात करमाळ्याकडच्या एका गावातून आलेली एक मुलगी होती. वडील शाळामास्तर, पण बोलणं सगळं गावाकडचं. ती शेवटच्या बाकावरून म्हणाली, "कुणी घेईना तर मी घेते की, सर. पर त्याचं काय बिघडतं ते सांगा आदी."

मी सांगितलं. पेट्रोल संपलं तर इंजिन थांबतं; भरलं की पुन्हा चालतं. पाणी कमी पडलं तर काटा चढतो, वाफ येते, सावध व्हायला वेळ मिळतो. तेल थांबलं तर काही क्षणांत सगळं एकमेकांत रुतून बसतं.

"म्हंजे लई लक्ष द्याय पायजे," ती म्हणाली आणि वही उघडली.

तिनंच मला पुढचा प्रश्न विचारला, वळणावर तेल कुठं जातं? मोटरसायकल वळणावर स्वतः कलते, त्यामुळं तळातलं तेल तळातच राहतं. तेच इंजिन चारचाकीत बसवलं की गाडी कलत नाही, तेल मात्र परातीतल्या पाण्यासारखं एका बाजूला धावतं. मग पंपाच्या तोंडाशी नुसती हवा. मोठ्या रेसिंग गाड्या यासाठी तेलाची टाकीच वेगळी ठेवतात, तळातलं तेल उपसायला स्वतंत्र पंप लावतात. ते आमच्या आवाक्याबाहेरचं. या पोरीनं तळाच्या खोलगट भागात पत्र्याचे आडवे पडदे बसवले, तेल अडवायला. वेल्डिंग स्वतः केलं. तीनदा मोडलं, तीनदा केलं. मी इतक्या वर्षांत शिकवलेल्यांत एवढी चिवट दुसरी कुणी पाहिली नाही, आणि हे मी तिला तेव्हा म्हणालोही.

खंडेनवमीला इंजिन तळाकडून पूर्ण उघडं होतं. त्या दिवशी सोलापुरात माग बंद असतात, त्यांना झेंडूच्या माळा घालतात. आमची गाडी चालवणाऱ्या मुलाच्या वडिलांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना होता. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडं आवाज मोठा, कारण आयुष्य खडखडाटात गेलेलं. आपल्या मागांची पूजा उरकून ते आमच्याकडं आले. इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि नव्या टॉवेलांचं एक अख्खं बंडल टेबलावर ठेवलं.

"आमच्यात मोकळ्या हातानं येत नाहीत सर. हा इंजिनाला आहेर. पुसायला घ्या, पांघरायला घ्या. माल एक नंबर हाय, सेकंड नाही."

पोरं खूश झाली. तोवर ती जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसत होती. आता त्यांनी एकेक भाग, पंप, पडदे, तळाची परात, त्या मऊ नव्या टॉवेलांनी लेकराचं अंग पुसावं तसं पुसलं आणि तळ लावून इंजिन पुन्हा जुळवलं. मीही तिथंच उभा होतो. इतकं स्वच्छ काम बघून मला बरं वाटलं.

गाडी सुरू झाली तेव्हा वर्कशॉपबाहेर कंप्युटरची पोरंसुद्धा गोळा झाली. प्रत्येकानं मोबाइल काढला. कॉलेजच्या मैदानावर ती पळाली, वळली, आणि वळणावर तेलाचा दाब पडला की लागणारा लाल दिवा लागला नाही. पडदे काम करत होते. त्या महिन्यात मला खरंच वाटायला लागलं होतं की शाखा वाचेल. नंतर नंतर दिवा वळणावर कधीतरी लुकलुकायला लागला. मुलगी म्हणाली, पडदा सैल झाला असेल, परत खोलूया. पण वेळ नव्हता. ट्रक ठरला होता. सगळ्यांनी मिळून ठरवलं की वळणावरच्या लुकलुकण्याकडं दुर्लक्ष करायचं.

ट्रॅकवर इतकी थंडी होती की आमच्या पाणीवाल्यांना इंजिन तापेना म्हणून रेडिएटरवर पुठ्ठा चिकटवावा लागला. सोलापूरकरांनी इंजिन ऊबदार ठेवण्यासाठी धडपडावं, याचं आम्हाला हसू येत होतं. ते आमचं शेवटचं हसू. गाडी सुटली. पेट्रोल बरोबर, पाणी बरोबर. शर्यत निम्मी झाली आणि सरळ रस्त्यावर, वळण नसताना, दिवा लागला तो लागलाच. मुलानं पायाखालचं पेडल सोडायच्या आत मागची चाकं घासत गेली आणि गाडी आडवी होऊन उभी राहिली. इंजिन जाम. लोकांनी ती ढकलत बाहेर काढली, आणि मागून येणाऱ्या गाड्या निघून गेल्या.

परतीची वाट धरली. मी प्राचार्यांना फोन केला. ते "बरं" म्हणाले.

सोलापुरात आल्यावर मुलीनं तळ उघडला. पडदे जागच्या जागी घट्ट होते. तेल वर ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाला एक बारीक जाळी असते. त्या जाळीवर तेलात भिजलेला लुसलुशीत थर बसला होता, बोटाच्या पेरासारखा जाड. तिनं तो चिमटीत धरून ओढला. सूत होतं. नव्या टॉवेलचं बारीक सूत.

नवा टॉवेल धुतल्याशिवाय वापरायचा नाही, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तोंड पुसलं तर दाढीला सूत चिकटतं. आमच्या घराघरांत तो आधी बादलीत जातो. पण आहेराचा टॉवेल कुणी धुतो का? तो जसा आला तसाच उलगडतात. आम्ही सगळ्यांनी तेच केलं.

मुलगी जाळीकडं बघत बसली. मग हुंदका न देता, नुसतं पाणी गळावं तशी रडली. मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, ठेवला नाही.

तेवढ्यात कारखानदार आले. मुलगा त्यांच्या मागं, मान खाली. मुलाला आतापर्यंत कळलेलं होतं, त्यांना नव्हतं.

"काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मुलीनं जाळी चिंध्यांखाली सारली. "तेलाचं माज्याकडं हुतं, काका," ती म्हणाली. "माजे पडदे चुकले."

मला ओरडावंसं वाटलं की हे खोटं आहे, तुझे पडदे या वर्कशॉपमध्ये झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे. पण त्या माणसाच्या मोठ्या, प्रेमळ चेहऱ्याकडं बघून माझीही जीभ रेटली नाही.

"असू दे गं पोरी," ते म्हणाले. "यंत्र हाय. आमचा पण माग बिघडतो की. पुढच्या वर्षी करा." आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षासाठी म्हणून त्यांनी आणखी एक बंडल पाठवलं.

पुढचं वर्ष नव्हतं. संस्थेच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की म्हणे एका मुलीच्या चुकीनं इंजिन गेलं. प्राचार्यांनी मला विचारलं, मी म्हणालो, चूक तिची नव्हती. ते म्हणाले, आता काय फरक पडतो. खरंच पडत नव्हता. ती शेवटची तुकडी बाहेर पडली. मुलगी पुण्यात एका कंपनीत लोकांच्या विम्याच्या तक्रारी फोनवर ऐकते.

वर्कशॉपमध्ये आता संगणक बसतायत. मला प्रवेशाच्या दिवसांत चौकशीच्या टेबलावर बसवलं. परवा सांगोल्याहून एक बाई आल्या, बरोबर बारावी झालेली लेक. पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. लेकीनं टेबलावर मोबाइल ठेवला आणि त्यावरचा व्हिडिओ लावला. आमचीच गाडी मैदानावर वळत होती.

"सर, मला मेकॅनिकलला यायचंय. ही गाडी हितंच केली न्हवं?"

"हितंच," मी म्हणालो.

"ह्या व्हिडिओपायी हटून बसली बघा," आई म्हणाली. "घरात कुणाचं ऐकंना."

मी सांगितलं की ती शाखा आता नाही. मुलीला पटेना. ती म्हणाली, "पर गाडी तर हाय की!" आई माझ्याकडं वळली. मग तिनं विचारलं, "तुमी सांगा सर, काय घ्यावं हिनं? तुमाला त्यातलं कळतं."

मी म्हणालो, कंप्युटर घ्या. नोकरी लवकर लागते. आई निर्धास्त झाली, माझ्या पाया पडायला लेकीला पुढं ढकललं, आणि ती वाकली.