ईरम्माचा डावा पाय

ईरम्मा पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले होते. सोलापुरातल्या आमच्या गिरणीच्या चाळीत अशा माणसाचा मान मोठा. पाठीत उसण भरली की तिच्या दारात पालथं पडायचं, तिनं तीन सकाळी डावा पाय पाठीला लावायचा, चौथ्या दिवशी उसण गायब. मी शाळामास्तर, पोरांना विज्ञान शिकवणारा. तरी दोनदा तिच्या पायाखाली गेलोय. उसण निघाली, आता काय सांगू.

तिचा नवरा चनबसप्पा गिरणीत विणकर. मुलखाचा अबोल, पण माग अडला की त्याच्याशी कन्नडमधून भांडायचा. बावीस वर्षांत खाडा कसा तो त्याला माहीत नाही. १९७४ च्या चैत्रात त्याच्या छातीत दुखायला लागलं. कळ पाठीत आणि डाव्या हातात उतरायची. तो गिरणीच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी छातीला नळीसुद्धा न लावता 'वायू' म्हणून बाटलीभर औषध दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याच्या कार्डावर लिहिलं, 'काम टाळतो.' ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

घरी ईरम्मा रोज सकाळी त्याच्या पाठीला पाय लावत होती. चौथ्या दिवशी तो मागापाशीच कोसळला. सरकारी दवाखान्यात छातीची पट्टी काढली, हृदयाचे ठोके कागदावर उमटवतात ती. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "झटका तीन दिवसांपूर्वीच येऊन गेलाय. तेव्हाच कळलं असतं तर आशा होती." दिवेलागणीला चनबसप्पा गेला.

गिरणीच्या डॉक्टरांवर दावा लावायला मीच तिला वकिलाकडे नेलं. राग माझा होता. तिचं मागणं साधं होतं.

"गुरुजी, कार्डावरचं तेवढं खोडून द्या म्हणावं. आमचं माणूस कामचुकार नव्हतं."

दोन वर्षांनी साक्ष झाली. समोरच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही पायाळू ना? नवऱ्याच्या पाठीला पाय लावला होता?"

आमच्या वकिलानं आदल्या दिवशी 'नाही म्हणा' असं तिला दहादा पढवलं होतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"लावला की. तीन सकाळी लावला. उसणच हाय, असं मला बी वाटलं."

"म्हणजे तुम्हालाही दुखणं साधंच वाटलं."

"व्हय. पर मी अडाणी हाय, सायेब. ते डॉक्टर हायत."

हे शेवटचं कुणी मनावर घेतलंच नाही. घरगुती उपचारांत वेळ गेला, दोष डॉक्टरांचा म्हणता येत नाही, असा निकाल लागला. कार्ड परत मिळालं, त्यावरची अक्षरं जशीच्या तशी. मी तिच्यावर चिडलो. एक शब्द खोटं बोलायला काय झालं होतं, असं तोंडावर म्हणालो.

"पाय तर लावलाच हुता की, गुरुजी," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं कुणाच्याच पाठीला पाय लावला नाही. माणसं दारात पालथी पडायची, ती आत निघून जायची. कोर्टात हरली आणि राग आमच्या पाठीवर काढते, असं चाळ म्हणू लागली. मीही हसलो होतो त्यात.

पुढच्या वर्षी माझी पाठ धरली. थट्टेत म्हटलं, मला तरी नाही म्हणू नकोस. तिनं चपला घातल्या, मला टांग्यात बसवलं आणि थेट सरकारी दवाखान्यात नेलं.

"छातीची पट्टी काढा," ती तिथल्या डॉक्टरला म्हणाली. "त्याबिगर मी हितनं हलत न्हाय."

पट्टी काढली. डॉक्टर हसला. "काही नाही मास्तर, उसण भरलीय." माझा जीव भांड्यात पडला. ईरम्मा तो कागद हातात धरून उभी होती.

"एवढाच येळ लागतो व्हय, गुरुजी?"

दहा मिनिटंही झाली नव्हती. ती बाकावर बसली, डावा पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि रडू लागली. कोर्टात ती रडली नव्हती.