आकाराम पेंटरनं बसवलेले रंग

साताऱ्यात पोवई नाक्याच्या उतारावर एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली होती. नव्व्याण्णव साली त्या खोलीत तिघं जण मिळून वेबसाइटच्या थीम बनवायचे. थीम म्हणजे काय, हे खालच्या झेरॉक्सवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मिलिंद त्याला समजावून सांगायचा, की वेबसाइट म्हणजे दुकान धरा, तर त्याची पाटी, दारं आणि भिंतींचा रंग म्हणजे थीम. माल दुकानदाराचा, सजावट आपली. असे तयार संच पुण्याची एक पार्टी घ्यायची आणि परदेशात विकायची. मिलिंद मेढ्याकडचा, तो कोड लिहायचा. त्याची मावसबहीण प्रियदर्शनी फोटोशॉपवर बसायची. तिसरा आकाराम पेंटर. याला माउस धरता येत नव्हता आणि शिकायचाही नव्हता.

आकाराम मूळचा जतकडचा, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. पोरवयात मेंढरं सोडून तो साताऱ्यात आला आणि हातात ब्रश धरला. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, रिटायर फौजींच्या दारावरची नावं, शाळेच्या भिंतींवरचे नकाशे, सगळं त्याच्या हातचं. पुढं गावात रेडियमची अक्षरं कापायचं मशीन आलं आणि बघता बघता त्याचं काम गेलं. हा गडी मग दिवसभर चहाच्या गाड्यावर बसून मशीनच्या नावानं बोटं मोडायचा. मिलिंदनं त्याला तिथंच गाठलं. मिलिंदच्या शाळेतला नकाशा आकारामनंच रंगवला होता, आणि त्यातला समुद्र मिलिंद विसरला नव्हता.

त्यांची कामाची रीत मोठी गमतीची होती. आकाराम पोस्टर कलर कालवून कागदाच्या पट्टीवर फासायचा आणि पट्टी मॉनिटरच्या कडेला चिकटवायचा. प्रियदर्शनी पडद्यावरचा रंग हलवत हलवत त्या पट्टीशी जुळवायची. मागं खुर्चीत बसून आकाराम "आजून, आजून" करत राहायचा आणि शेवटी म्हणायचा, "बसला बघ." त्याच्या तोंडून 'बसला' निघालं की त्या रंगाला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. नियम मिलिंदनंच केला होता. पहिला संच पुण्याला गेला तेव्हा पार्टीनं रंगांचं फार कौतुक केलं, त्या दिवसापासूनचा.

त्याच साली आकारामची बायको हरणाबाई दम्यानं गेली. घरात तो आणि मुलगी प्रांजल, एवढीच दोन माणसं उरली. आकारामला घर खायला उठायचं. सकाळी भाकरी खाऊन तो खोलीवर यायचा तो दिवे लागल्यावरच परत जायचा. साऱ्या साताऱ्यात त्याला रंग विचारणारी आता ही दोनच पोरं होती. हे काम गेलं, तर आपल्याला कुणी काही विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या संचाचं काम मोठं होतं. तो पसंत पडला तर बारमाही काम देऊ, असं पार्टीनं सांगितलं होतं. आकाराम हट्टाला पेटला. जोंधळ्याच्या पिठाचा पांढरा, पावसाळ्यातल्या यवतेश्वरच्या डोंगराचा हिरवा, असे रंग त्याच्या मनात होते आणि आठवणीतूनच तो ते कालवायचा. पण हल्ली त्याला सगळं मळकट वाटायचं. पांढरा पांढरा होत नव्हता, मग तो त्यात नीळ घालायचा.

"पोरी, लय पिवळं दिसतंय. निळा वाढीव."

"आण्णा, आजून?" प्रियदर्शनी विचारायची.

"आजून. आता कसं, बसला बघ."

प्रियदर्शनी मिलिंदकडं बघायची आणि मिलिंद खिडकीबाहेर. दोघं गप्प. आकारामला ती गप्प बसण्याची तऱ्हा फार आवडायची. पोरं मान राखतात, असं तो प्रांजलला कौतुकानं सांगायचा.

त्याच दिवसांत हरणाबाईचं वर्षश्राद्ध आलं. तिचा एकच फोटो होता, काळापांढरा. त्यावरून आकारामनं तिचं मोठं चित्र काढलं. तिचा गव्हाळ रंग फोटोत नव्हता, पण त्याला तो पाठ होता. पाहुणे आले, त्यांनी चित्राला हार घातला, हात जोडले. कुणी काही बोललं नाही. रडू आवरत नसेल, असं आकाराम समजला.

संच पुण्याला गेला आणि काम बंद पडलं. "पार्टीच बुडाली, आण्णा," मिलिंद म्हणाला. "आता खोली सोडाय लागंल." आकाराम घरी बसला. पुढं एकदा जिन्याची पायरी चुकून तो पडला, तेव्हा प्रांजलनं त्याला धरून मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि डाव्यासाठी पुढची तारीख दिली.

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि आकाराम बघतच राहिला. डॉक्टरांचा कोट पांढराशुभ्र होता. उजवा डोळा झाकला की तोच कोट चहात बुडवून काढल्यासारखा. तो लहान पोरासारखा एकदा हा, एकदा तो डोळा झाकून बघत होता. साताऱ्यात उतरल्यावर प्रांजलला पुढं पाठवून तो थेट खोलीवर गेला. नव्या डोळ्यानं आपलं काम एकदा बघावं, एवढीच हौस होती.

मिलिंद पुस्तकं खोक्यात भरत होता. कॉम्प्युटर अजून जोडलेला होता.

"दाव की पोरी, आपला शेवटचा संच."

प्रियदर्शनीनं मिलिंदकडं बघितलं. मग तिनं संच उघडला.

पानामागून पान निळं होतं. जोंधळ्याचं पीठ निळं, यवतेश्वरचा डोंगर निळा. आकारामनं डोळा पुसला आणि परत बघितलं.

"ह्ये म्या केलं?"

प्रियदर्शनीनं पुढचं पान उघडलं. तेही निळं.

"पार्टी बुडाली न्हाई, व्हय?"

"न्हाई, आण्णा," प्रियदर्शनी म्हणाली. "त्यांनी समदं माघारी धाडलं."

"तुमाला दिसत हुतं?"

"पयल्या दिसापासनं."

"मग बोलला का न्हाई रं?" त्यानं मिलिंदला विचारलं.

मिलिंदनं हातातली पुस्तकं खाली ठेवली. "तुमाला रंगातलं आमी काय सांगायचं, आण्णा? आमची जीभच रेटंना."

आकारामला आधी संताप आला, मग शरम वाटली. या पोरांनी त्याचा मान राखला होता आणि त्यात तिघांचंही काम बुडालं होतं. तो भिंतीला धरून जिना उतरला आणि घरी गेला.

दारातूनच त्याला समोरच्या भिंतीवरची हरणाबाई दिसली. तिचं तोंड निळं होतं. गाल निळे, ओठ त्याहून गडद. बायकोला त्यानं स्वतःच्या हातानं मढ्याचा रंग दिला होता. तो उंबऱ्यावरच बसला.

"प्रांजल, तू तरी सांगायचं हुतंस."

प्रांजलनं हातातला तांब्या खाली ठेवला. "दम कोंडून आई गेली, तवा अशीच दिसत हुती, आप्पा. मला वाटलं, तुमी तशीच काढलीया."

आकारामनं उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि डाव्या डोळ्यानं भिंतीकडं बघितलं. हरणाबाई होती तशी होती, गव्हाळ, उन्हातून नुकतीच घरात आल्यासारखी. तो तसाच बसून राहिला.

डाव्या डोळ्याची तारीख आली. प्रांजलनं पिशवी भरली, एस.टी.ची वेळ विचारून ठेवली. आकाराम मिरजेला गेला नाही, त्या वेळीही नाही आणि नंतरही नाही.