आधी भिंती, मग छत

आमच्या दादाला गल्लीत सगळे टेप म्हणतात, मापं घ्यायची टेप. समोरचा बोलत असला की हा त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत असा बघतो, की याला कुठल्या कपाटात कोंबता येईल याचाच हिशेब चाललाय असं वाटावं. हाडाचा सुतार. बोलणं कमी, आणि जे बोलेल ते काळ्या दगडावरची रेघ.

मी त्याची धाकटी बहीण. तळमजल्यावर माझं शिवणाचं मशीन, वरच्या मजल्यावर तो आणि वहिनी. जिन्यातली त्याची पावलं मला पाठ आहेत. यंदा त्या पावलांचं काहीतरी बिनसलं होतं. मध्येच थांबायची, खाली जायची, परत वर यायची. म्हातारपण आहे, मी स्वतःला म्हणायचे. पण मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच.

इमारतीमागच्या अंगणात दरवर्षी सुक्का बांधतो तो दादाच. गल्लीतल्या अकरा घरांचा मिळून एकच. सुक्का म्हणजे सणाच्या सात दिवसांत आम्ही यहुदी लोक ज्यात बसून जेवतो ते कच्चं घर. आमचे पूर्वज वाळवंटात असल्याच आडोशांना राहिले, त्याची आठवण. घर कच्चं, पण नियम पक्के. वर उघडं आभाळ हवं, झाडाखाली नको, गॅलरीखाली नको. छत कापलेल्या फांद्यांचं हवं, मुळावर उभ्या वेलीचं चालत नाही. आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी. आणि दादाच्या लेखी सगळ्यात मोठा नियम म्हणजे आधी भिंती, मग छत. छत आधी टाकलं आणि भिंती मागाहून लावल्या, तर ते छत घरासाठी घातलेलं नाही, आयतं मिळालेलं आहे. असा सुक्का बाद. हे त्याने मला आठव्या वर्षापासून इतक्यांदा ऐकवलंय, की झोपेतून उठवून विचारा.

पंधरा दिवसांपूर्वी त्याने एक फळी वीतभर आखूड कापली. चूक कुणाची होत नाही? पण तासाभराने दुसरी घेतली आणि तीही तितकीच आखूड कापली. मग दोन्ही फळ्या लाकडांच्या ढिगाखाली सारल्या आणि इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून. मी खिडकीतून बघितलं होतं. 

प्रार्थनागृहाचा कारभारी दोन वर्षं टपलेलाच आहे. त्याला तयार लोखंडी सांगाड्यांवाला ठेकेदार आणायचाय. टेपकाकांना आता आराम द्या, असं गोड बोलतो मेला. दादाने दुकान बंद करून चार वर्षं झाली. त्याच्या हातात उरलंय ते एवढंच, वर्षातून एकदा अकरा घरांना आपल्या हातच्या छताखाली बसवणं. तेही गेलं की दादा खुर्चीत बसेल, आणि बसला की उठायचा नाही. हे मला ठाऊक होतं आणि वहिनीलाही. आम्ही दोघी एकमेकींशी भाजीच्या भावाबद्दल बोलायचो.

सणाच्या आदल्या दुपारी मी आतल्या बाजूला लावायचे पडदे घेऊन अंगणात गेले. आठ खांब उभे होते. त्यांच्यावर हिरव्या फांद्यांचं छत पसरलं होतं, छान दाट. आणि खाली दादा शीळ घालत पहिल्या भिंतीची पहिली फळी ठोकत होता.

 बाई गं, हा आता हसेल, म्हणेल बघत होतो तुझ्या लक्षात येतंय का. नाही हसला. पडदे कोपऱ्यात ठेव म्हणाला. मी ठेवले. भिंती झाल्या, कारभारी आला, खांब हलवून बघितले, आत शिरून सावली बघितली, यंदाही कडक काम म्हणाला आणि गेला. नियम सगळ्यांना ठाऊक असतात, पण क्रम बघायला त्या वेळी कोण हजर असतं?

बोलले तर दादा संपला. गप्प बसले तर अकरा घरं बाद सुक्क्यात बसणार, तेही त्याच्याच नावावर. यावर उपाय एकच होता, तोही त्यानेच शिकवलेला. भिंती झाल्यावर फांद्या एकेक करून उचलायच्या आणि हे सुक्क्याचं छत घालतेय असं मनात धरून परत ठेवायच्या. बाईने केलं तरी चालतं. दादा अंघोळीला गेला तशी मी शिडी लावली. गुडघे कुरकुरत होते, सूर्य कलायला लागला होता, आणि सूर्य बुडाला की सण लागतो, मग असलं काम करता येत नाही.

नवव्या की दहाव्या फांदीला शिडी डगमगायची थांबली. खाली बघितलं तर दादाने धरली होती. केस ओले.

"उचलून ठेवतेयस," तो म्हणाला.

एक वाकडी बसली होती, असं मी सांगितलं.

"सगळ्याच?"

 मी खोटं बोलायला हुशार आहे, गिऱ्हाइकांना विचारा, पण त्या वेळी मी नुसती पुढची फांदी उचलली.

"म्हणजे मी छत आधी टाकलं."

आई गेली तेव्हासुद्धा त्याचा चेहरा असा झाला नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि मला त्याच्याहून जास्त. वहिनीला सांगू नकोस म्हणाला. कारभाऱ्याला तर मुळीच नको. मग शेवटच्या फांदीपर्यंत तो शिडी धरून उभा राहिला, ती राहिली, ती डावीकडची, असं सांगत. एकदाही चुकला नाही. उतरताना मला वाटलं, अजून आहे माझा दादा. थकवा असेल, दुसरं काही नाही.

संध्याकाळी सगळे जमले. दिवे लागले, पोरं आली, बाकांवर दाटी झाली. कारभारी बरोबर समोर. दादाने द्राक्षरसाचा प्याला हातात घेतला आणि वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या कानाशी वाकला.

"काम नेटकं आहे. कुणी बांधलाय?"

मी हसले. चेष्टा असेल म्हणून त्याच्या डोळ्यांत बघितलं. चेष्टा नव्हती.

"बांधणाऱ्याला विचार," तो हळूच म्हणाला, "भिंती आधी लावल्यास ना म्हणून. मी विचारलं तर राग येईल माणसाला."

वहिनी पलीकडेच वाढत होती. तिच्या हातातला डाव थांबला. तिने मान वर केली नाही.

"विचारलंय दादा," मी म्हटलं. "सगळं नियमाप्रमाणे आहे."

"मग बसू या," तो म्हणाला, आणि त्याने अख्खी प्रार्थना म्हटली, एका शब्दालाही न अडखळता.