एकदम ठीक हूँ, साहब

आमच्या ह्यांना फौजेने सगळं शिकवलं. बूट चमकवायला, चादरीची घडी घालायला, बर्फात तासन्‌तास उभं राहायला. दुखतंय हे सांगायला तेवढं शिकवलं नाही, आणि त्यापायी माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

हे हवालदार म्हणून रिटायर झाले आणि आम्ही ठाण्याच्या पुढे दिव्यात घर घेतलं. पाण्याची बोंब, पण घर स्वतःचं. ब्लड प्रेशरच्या गोळ्या त्यांना फौजेतच सुरू झालेल्या. धड झोप नाही, हात थरथरतात, बसल्या जागी घाम फुटतो. आमच्या मागच्या प्लॉटवर नव्या बिल्डिंगचं पायलिंग, मशीनने पाया ठोकायचं काम, सुरू झालं तेव्हा तर कहर झाला. मशीनचा दणका बसला की हे असतील तिथून उठायचे आणि विचारायचे, "सगळे आत आहेत का?" घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी म्हणायचे, "आहेत, सगळे आहेत," मग हे खाली बसायचे. ठाण्याला एका कॉम्प्लेक्समध्ये सिक्युरिटी सुपरवायझर होते. तिथे गेटवर एका पार्सलवाल्याची कॉलर धरली आणि ती नोकरी गेली. नातेवाईक म्हणाले, फौजी माणूस, तापट असायचाच. ह्या वाक्याची मला चीड आहे. लग्न झालं तेव्हा हा माणूस अगदी गरीब गाय होता.

फौजेतून सुटताना डॉक्टरांचं बोर्ड बसतं. ह्यांच्या बोर्डाने लिहिलेलं की आजार आहे, पण तो नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. का, तर प्रेशर सापडलं तेव्हा ह्यांची पोस्टिंग शांततेच्या ठिकाणी होती. त्याआधी वर डोंगरात, सरहद्दीवर वर्षं काढली, तिथे ह्यांनी कधी तपासूनच घेतलं नाही. वर असताना आजारी पडलो म्हटलं की कामचोर ठरतो म्हणे. खाली छावणीत आले, कुणीतरी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून डॉक्टरच घाबरला. झालं, आजार शांततेचा ठरला. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी भाजी चिरत होते, आणि सुरी बाजूला ठेवून हसत सुटले. हसू कसलं, संताप होता तो.

मला एक ओळ हवी होती. हा आजार ह्या माणसाला नोकरीने दिला, एवढीच. त्या ओळीवर अपंगत्वाची पेन्शन मिळते आणि ती हवीच होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला ती ओळ ह्यांनी वाचायला हवी होती. कारण हे स्वतःला भित्रा समजायला लागलेले. एकदा गोळी घेताना म्हणाले, "बाकीचेही तिथेच होते, त्यांना नाही झालं काही." बाकीचे काय ह्यांना फोन करून सांगणार होते का?

ह्यांच्याच पलटणीतले एक निवृत्त सुभेदार वर्तकनगरला राहतात. माजी सैनिकांचे क्लेम तेच लिहून देतात. त्यांनी अपील तयार केलं, आणि तिथून माझे खेटे सुरू झाले. सैनिक ऑफिसच्या खिडकीवर म्हणायचे, हा कागद पलटणीकडून आणा. पलटणीला लिहिलं की उत्तर, तो कागद रेकॉर्ड ऑफिसला. रेकॉर्डला विचारलं की ते म्हणणार, अर्ज योग्य मार्गाने पाठवा. योग्य मार्ग कुठला, ते कुणी सांगायला तयार नाही. कल्याणच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी मात्र तासभर बसवून घेतलं आणि स्पष्ट लिहून दिलं की हे ताणाचं दुखणं आहे आणि त्याची मुळं तिकडे वर आहेत. तेही कसं, तर मीच सगळं बोलले. हे शेजारी छाती काढून बसलेले.

शेवटी अपिलाच्या बोर्डाची तारीख आली. सुभेदार म्हणाले, "वहिनी, कागद चोख आहेत. पण साहेब समोर बसवून विचारणार. तिथे हा काय बोलतो ह्यावर सगळं आहे." म्हणून आदल्या दिवशी वर्तकनगरला त्यांच्या हॉलमध्ये आम्ही तालीम घेतली. सुभेदारांनी चष्मा चढवला, आवाज बदलला आणि विचारलं, "हाँ हवालदार, कैसे हो?"

हे खुर्चीतून ताडकन उठले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "एकदम ठीक हूँ, साहब."

मी कपाळावर हात मारून घेतला. सुभेदार चष्मा काढत म्हणाले, "चूक त्याची नाही. मला विचारलं असतं तर मीही हेच बोललो असतो." मग बसून पढवलं. झोप येते का? नाही. राग येतो का? येतो. शाळेतल्या पोराकडून पाढे घोकून घेतात तसं. चहा होईपर्यंत ह्यांना सगळं पाठ झालं होतं.

सकाळी मी म्हटलं, आज दाढी राहू दे, साधा शर्ट घाला. आजारी माणूस आजारी दिसला पाहिजे. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितलीय. "अधिकाऱ्यापुढे दाढी न करता जाऊ?" दाढी झाली, ब्लेझर चढला, त्यावर मेडलं लागली. बुटात तोंड दिसत होतं. मी म्हटलं, "अहो, परेडला चाललोय का आपण?"

लष्करी रुग्णालयात मला आत बसू दिलं. टेबलापलीकडचे कर्नल साहेब ह्यांच्यापेक्षा वयाने लहान होते आणि वाईट माणूस नव्हते. त्यांनी फाइल चाळली, मेडलकडे नजर टाकली आणि मायेने विचारलं, "कैसे हो, हवालदार?"

"एकदम ठीक हूँ, साहब."

मला वाटलं, सवयीने गेलं तोंडातून, पुढे सावरतील. साहेबांनी झोपेचं विचारलं. "आती है साहब." रागाचं विचारलं. "नहीं साहब." माझा तोल सुटला. मी म्हटलं, "साहब, ये झूठ बोल रहे हैं," आणि माझ्या मोडक्या हिंदीत पायलिंगपासून पार्सलवाल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ह्यांना विचारलं, "सही कह रही हैं?"

हे समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "घरवाली है साहब, जल्दी घबरा जाती है."

मी घाबरते! इतकी वर्षं ह्या माणसाच्या पोस्टिंगच्या बातम्या ऐकत एकटीने पोर वाढवलं, आणि मी घाबरते. तिथून निघाल्यावर मी ह्यांच्या चार पावलं पुढे चालत स्टेशन गाठलं. गाडी बदलायला ठाण्याला उतरून चहा प्यायला बसलो तेव्हा हे स्वतःहून बोलले. "बाहेर बाकावर एक जवान बसला होता. मांडीपासून पाय नाही. मला विचारत होता, आपको क्या हुआ है? त्याला काय सांगायचं, झोप येत नाही?"

"त्याला नव्हतं सांगायचं, साहेबांना सांगायचं होतं," मी म्हटलं.

"दार उघडं होतं."

माझा राग होता तिथेच होता.

निकाल यायला पावसाळा उलटला. आधीचा निर्णय कायम. तपासणीच्या वेळी अर्जदाराने स्वतः कोणतीही तक्रार सांगितली नाही. मी दुपारी ते वाचून दाखवलं आणि मग माझं तोंड सुटलं. खेटे काढले, दाढी काढली, ब्लेझर काढला, घरवाली घबरा जाती है तर चांगलं तीनतीनदा काढलं. मागे मशीनचा दणका बसला. हे उठले नाहीत. पलंगाची कड धरून बसून राहिले, पांढरेफटक.

"मी ठीक नाहीये गं," म्हणाले. "मी अजिबात ठीक नाहीये."

आणि मग बोलत राहिले. वर काय झालं, कोण बंकरच्या आत यायचे राहिले, ह्यांनी कोणाला हाक मारायला हवी होती. डॉक्टरांना नाही, सुभेदारांना नाही, कुणालाच कधी न सांगितलेलं. मी ऐकलं. रडलेसुद्धा. पण राग काही जाईना माझा, आणि डोळे पुसता पुसता मी म्हणाले, "हे तिथे बोलायचं होतं हो. मला सांगून काय उपयोग? मी कुठे काय लिहून देणार आहे?"

तर म्हणतात, "तुला सांगितलं, आता मला त्या कागदाची गरज नाही."

आता ह्यावर मी कुठे अपील करू?