ओट्याच्या कडेचं सुकेळं

आमच्या आगाशीच्या वाडीत सुकेळी व्हायची. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज उलटायची, मग केळीच्या वाळक्या पानात बांधायची. त्याला हात हवा तो बायचा. बाय म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरीच असायची. माझा मुलगा तिच्याच कडेवर वाढला. मी म्हणायचे, "बाय, दूध प्यायला तरी पाठवत जा त्याला माझ्याकडे." ती हसायची.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील, बाय खोकायला लागली. वाळली. थुंकीत रक्त दिसलं, मग काय, क्षयच. दुसरं कुणाला सुचतच नव्हतं तेव्हा. तिची ताटवाटी वेगळी केली, ती मीच. खाट मागच्या पडवीत गेली. सुकेळ्यांना हात लावायचा नाही, गिऱ्हाईक तुटेल. आणि पोराला मी सांगितलं, "तिकडे गेलास तर खोकला धरील." धपाटेही घातले. तीन वर्षांचं पोर, शिकलं. बाय आपल्या वाट्याचं सुकेळं त्याच्यासाठी ओट्याच्या कडेला ठेवून आत जायची. मी ते उचलून गुरांपुढे टाकायचे. तिला दिसत असणारच.

अखेर मुंबईला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तपासलं, मला आत बोलावलं. स्तनात लिंबाएवढी गाठ.

"दोन पावसाळे झाले," बाय म्हणाली. "दुखत नव्हती. दाखवू कुणाला?"

डॉक्टर म्हणाले, क्षय नाही, कॅन्सर आहे. मूळ त्या गाठीत, तिथून रक्तावाटे फुफ्फुसात जाऊन रुजलाय. आता गाठ काढून उपयोग नाही. आणि मी विचारलं काय, तर "माझ्या मुलाला लागेल का?"

"हा असा कुणाचा कुणाला लागत नाही, बाई."

परतताना बाय एवढंच म्हणाली, "म्हणजे मला त्याला घेता येईल."

घरी आल्याआल्या खाट माजघरात आणली, ताट सगळ्यांच्यात मिसळलं. पोराला म्हटलं, "जा, बायकडे जा." तो माझ्या लुगड्यात शिरला. ओढला तसा रडायला लागला, "खोकला धरील."

"राहू दे ग," बाय म्हणाली. "तू नीट शिकवलंस, म्हणून ऐकतोय." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने सुकेळं ओट्याच्या कडेला ठेवलं आणि सवयीने आत गेली. मी ते त्याच्या हातात दिलं. तो उभ्याउभ्या खात होता, ती दाराआडून बघत होती. ती जाईपर्यंत तेवढं अंतर काही कमी झालं नाही.